आईच्या डोळ्याचा पडदा झिजतोय, मग कान आणि हृदय कशाला तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५८, वजन ४५ किलो. संधिवातासाठी ११ वर्षं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू, रोज ४०० मिलिग्रॅम. मधुमेह ३९व्या वर्षापासून. गेली दीड-दोन वर्षं वाचताना ओळीतलं एखादं अक्षर मधूनच गायब होतं, आणि उजेडातून अंधाऱ्या खोलीत गेल्यावर बराच वेळ चाचपडावं लागतं. नेत्रतज्ज्ञांनी ‘दोन्ही डोळ्यांच्या पडद्याची झीज, शरीरातलं कारण शोधावं’ असं लिहून मूत्रपिंड, हृदय आणि श्रवणशक्तीची तपासणी सांगितली आहे. मुलगी विचारते: डोळ्याच्या आजारासाठी कान का तपासायचे? गेलेली नजर परत येईल का? हे मला होईल का? आणि जाता जाता तिने लिहिलंय, ‘आईला काही वर्षांपासून कमी ऐकू येतं, पण ते वयामुळे असेल, आजीलाही तसंच होतं.’

त्या शेवटच्या वाक्यामुळे मी हे उत्तर सविस्तर लिहायला घेतलं. ते तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्यासमोर हा कागद आला असता तर माझं बोट सगळ्यात आधी तिथेच थांबलं असतं.

‘पडद्याची झीज’ हे आजाराचं नाव नाही. अंगात ताप आहे असं म्हटल्यावर तो कशाने आला हे जसं कळत नाही, तसंच हे. आत पाहिल्यावर पेशी मेलेल्या किंवा विरळ झालेल्या दिसतात, इतकंच त्या शब्दांतून कळतं. काही जणांत हा दोष फक्त डोळ्याच्या जनुकांत असतो आणि बाकीचं शरीर ठणठणीत असतं. पण बऱ्याच रुग्णांत बिघाड दुसरीकडे कुठेतरी असतो, आणि पडदा नाजूक असल्यामुळे तो आधी तिथे उघडा पडतो. तुमच्या डॉक्टरांनी कारण शोधा असा शेरा लिहिला, हे त्यांनी फार चांगलं केलं. कित्येक कागदांवर झीज एवढा शब्द लिहून विषय संपवलेला मी पाहिला आहे.

आता पडदाच का? तो मेंदूचाच डोळ्यात उतरलेला भाग आहे. जाडी अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही, आणि त्यात मंद उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या सुमारे ६० लाख शंकूपेशी. वजनाच्या मानाने प्राणवायूची याची भूक शरीरातल्या बहुतेक कुठल्याही ऊतीपेक्षा जास्त. प्रकाश पकडणाऱ्या पेशींची टोकं रोज झिजतात, मागचा रंगपेशींचा थर ती गिळून पचवतो, आणि साधारण १० दिवसांत ते संपूर्ण टोक नव्याने बांधलं जातं. हे जन्मभर, एक दिवसही खंड न पडता चालतं. त्यामुळे रक्तपुरवठा, ऊर्जा, जीवनसत्त्वं, चरबीचं पचन, प्रतिकारशक्ती यांपैकी कशातही थोडी गडबड झाली तरी इथे ती जाणवते. स्नायू किंवा त्वचा तेवढीच गडबड वर्षानुवर्षं सोसून नेतात.

तुमच्या आईच्या बाबतीत माझ्या डोळ्यासमोर तीन संशयित येतात. तिघेही एकाच वेळी हजर असू शकतात, हीच या प्रकरणातली खरी अडचण.

पहिला मधुमेह. सगळ्यांना तोच आधी सुचतो आणि १९ वर्षांच्या मधुमेहात तो सुचायलाही हवा. साखर सतत चढी राहिली की पडद्यातल्या बारीक केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात, वाहिन्यांच्या भिंतीला फुगे येतात, त्यांतून पाणी आणि चरबी झिरपते, काही वाहिन्या बंद पडतात. उपाशी राहिलेला पडदा मग नव्या वाहिन्या उगवण्याचा संदेश सोडतो, आणि त्या कच्च्या वाहिन्या फुटून डोळ्यात रक्त उतरतं. याला आम्ही झीज म्हणत नाही, डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतो. पण वाहिन्यांतला बदल दिसण्याच्या आधीच काही रुग्णांत पडद्याचा चेतापेशींचा थर पातळ होऊ लागलेला असतो, म्हणून दोन्हींच्या मधली रेषा वाटते तितकी ठळक नाही. साखर आटोक्यात ठेवण्याचा फायदा किती, याचा भक्कम पुरावा १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या अभ्यासात मिळाला. टाइप १ मधुमेहाच्या ज्या रुग्णांना तोवर रेटिनोपॅथी नव्हती, त्यांच्यात काटेकोर नियंत्रणामुळे ती होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला.

इथे एक सूचना, कारण हे रुग्णांना क्वचितच सांगितलं जातं. बरीच वर्षं साखर खूप चढी असेल आणि ती एकदम झपाट्याने उतरवली, तर पडदा सुरुवातीचे काही महिने उलट बिघडू शकतो. नियंत्रण सोडायचं नाही, पण औषध मोठ्या प्रमाणात बदलण्याआधी पडदा तपासून घ्यायचा आणि नंतरचं वर्षभर जरा लवकर लवकर दाखवायचा. गरोदरपणातही तसंच.

आईच्या कागदावर मात्र रक्तस्रावाचे ठिपके, सूज, पिवळसर साका यांपैकी कशाचाच उल्लेख नाही असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. १९ वर्षांच्या मधुमेहात वाहिन्या जवळपास स्वच्छ आणि तरीही पेशी मात्र झिजलेल्या, हे चित्र एकट्या साखरेला शोभत नाही.

दुसरा संशयित औषध. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे संधिवातात आणि ल्युपसमध्ये फार उपयोगी औषध आहे, आणि मी लिहिलेलं वाचून ते घरच्या घरी बंद करू नका. पण त्याचं एक गणित आहे. रोजचा डोस प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. ४५ किलोंना ही मर्यादा २२५ मिलिग्रॅम होते. आईला ४०० मिळतंय, म्हणजे किलोला जवळपास ९. गोळी २०० मिलिग्रॅमची असते आणि ‘सकाळ-संध्याकाळ एक’ लिहायला सोपं पडतं. सडपातळ माणसांवर त्यात नकळत अन्याय होतो, आणि हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता रुग्ण खोलीत आला की आधी वजनकाट्यावर उभं करते. मर्यादेत डोस असेल तर पहिल्या ५ वर्षांत पडद्याला इजा होण्याचा धोका १ टक्क्याहून कमी, १० वर्षांपर्यंत २ टक्क्यांहून कमी, आणि २० वर्षांनंतर तो २० टक्क्यांच्या आसपास जातो. डोस जास्त असेल तर हे आकडे लागूच होत नाहीत, धोका त्याहून वाढतो. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड मंद असेल तर तीच गोळी शरीरात जास्त साठते. डॉक्टरांनी मूत्रपिंड तपासायला सांगितलं, त्याचं एक कारण हे.

या औषधाची इजा मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाच्या, भोवती कड्यासारखी होते. नजरेचा अगदी मधला बिंदू बराच काळ शाबूत राहतो, म्हणून तक्त्यावरची अक्षरं रुग्ण शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि सगळ्यांचा समज होतो की डोळे ठीक आहेत. पण वाचताना शेजारचं अक्षर गळतं. अगदी तुमच्या आईसारखं. आशियाई वंशाच्या रुग्णांत हे कडं पुष्कळदा केंद्रापासून आणखी लांब असतं, त्यामुळे फक्त मधल्या १० अंशांची फील्ड तपासणी, म्हणजे नजरेच्या घेराची तपासणी, केली तर ते निसटतं. २४ किंवा ३० अंशांची करायला सांगा. औषध सुरू झाल्यावर वर्षभरात एक पायाभूत तपासणी आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारा प्रकाशाने काढलेला फोटो) व फील्ड, असा शिरस्ता आहे. डोस जास्त असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ५ वर्षंही थांबायचं नाही. आईची अशी तपासणी ११ वर्षांत एकदाही झाली नसेल तर त्यात तुमची चूक नाही, पण आता एक आठवडाही घालवू नका.

खरं सांगायचं तर इथपर्यंतची माहिती बहुतेक डोळ्यांच्या डॉक्टरांना सुचेल, आणि ‘औषधामुळे झालं’ म्हणून फाइल बंद होईल. मला तसं होऊ द्यायचं नाही, ते कानांमुळे.

सडपातळ बांधा, चाळिशीच्या आत मधुमेह, कमी ऐकू येणं, आणि आईच्या आईलाही तेच. हा संच एकत्र दिसला की मायटोकॉन्ड्रियाचा विचार करावाच लागतो. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्या. त्यांचा स्वतःचा थोडासा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. त्या डीएनएमध्ये ३२४३ या जागी एक अक्षर बदललेलं असेल तर ऊर्जा कमी पडते, आणि ज्या अवयवांची भूक मोठी ते आधी थकतात. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी, आतला कान, पडदा, हृदय, मूत्रपिंड. मातेकडून येणारा मधुमेह आणि बहिरेपण असं या आजाराचं वर्णन आहे, आणि त्याचा या बदलाशी असलेला संबंध १९९२ साली समोर आला. पडद्यावर मॅक्युलाभोवती रंगपेशींचे ठिगळासारखे तुकडे विरतात आणि मधला बिंदू उशिरापर्यंत वाचतो. म्हणजे वरवर पाहता औषधाच्या कड्यासारखंच चित्र! म्हणूनच फसगत होते.

आईला हाच आजार आहे असं मी म्हणत नाही. दुरून, कागद न पाहता ते कुणी म्हणू नये. पण शंका घेण्याइतकी कारणं नक्की आहेत, आणि ती शंका फिटेपर्यंत श्रवणाची नीट तपासणी, ईसीजी, हृदयाची इको आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी हे सगळं रास्त आहे. जनुकीय तपासणी करायची ठरली तर एक बारकावा लक्षात ठेवा. रक्तातलं या बदलाचं प्रमाण वयाबरोबर घटत जातं, त्यामुळे ५८व्या वर्षी रक्ताचा नमुना खोटा दिलासा देऊ शकतो. लघवीतल्या पेशींचा नमुना जास्त भरवशाचा. शिवाय निदान पक्कं झालं तर मेटफॉर्मिनबद्दल मधुमेहतज्ज्ञांशी बोलायला हवं, कारण या आजारात रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याच्या भीतीने ते शक्यतो टाळतात. पाहा, डोळ्याच्या तपासणीतून निघालेली गोष्ट साखरेच्या गोळीपर्यंत पोचते.

तिघांतला कोण, हे ठरवायला फंडस ऑटोफ्लुरोसन्स ही तपासणी मला सगळ्यात जास्त मदत करते. सुई नाही, रंगद्रव्य नाही, फक्त खास प्रकाशात काढलेला फोटो. मेलेल्या रंगपेशी काळ्या दिसतात, त्रासलेल्या पेशी जास्त उजळ. औषधाच्या इजेत कडं बरंचसं एकसारखं असतं, मायटोकॉन्ड्रियाच्या आजारात काळे तुकडे आणि त्यांच्याभोवती ठिपक्याठिपक्यांची उजळ-काळी नक्षी. सोबत ओसीटी. आणि अंधारात त्रास होतोय म्हणून पूर्ण पडद्याची ईआरजी, म्हणजे प्रकाश पडल्यावर पडद्यातून निघणाऱ्या विजेची नोंद. ती करून घ्या, कारण मॅक्युलाच्या आजाराने एकट्याने सहसा रात्रीची नजर फारशी जात नाही. ईआरजीत दंडपेशी सगळीकडेच मंद आढळल्या तर शोधाची दिशा बदलते.

आणि दिशा बदलली तर मी आधी बऱ्या होणाऱ्या कारणांकडे जाते. ती दुर्मीळ आहेत. पण बरा होऊ शकणारा एक रुग्ण हातचा गेला तर ते मला सहन होत नाही. अ जीवनसत्त्वाची कमतरता हे त्यातलं पहिलं. हे फक्त कुपोषित मुलांत होतं हा समज चुकीचा आहे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेले, यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा जुना आजार असलेले, आतड्याचा मोठा भाग काढलेले, अशांना चरबीबरोबर शोषलं जाणारं हे जीवनसत्त्व मिळत नाही. यकृतातला साठा हळूहळू संपत असल्याने त्रास शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिन्यांनी किंवा काही वर्षांनी सुरू होतो, तोवर त्या शस्त्रक्रियेचा विषय कुणाच्या मनातही राहिलेला नसतो. आनुवंशिक रातांधळेपणा म्हणून, उपाय नाही असं सांगून परत पाठवलेल्या एका रुग्णाच्या पोटावर मला टाक्यांच्या खुणा दिसल्या होत्या. जीवनसत्त्व सुरू केल्यावर काही आठवड्यांत ते रात्री एकटे बाहेर पडू लागले. या आजारात पडदा इतक्या लवकर सावरतो.

याचा उलटा अर्थ काढू नका. तपासल्याशिवाय अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेऊ नका. त्या यकृताला आणि गर्भाला घातक ठरतात, आणि स्टारगार्टसारख्या काही आनुवंशिक आजारांत पडद्याचंही नुकसान वाढवतात.

रेफसम आजार असाच. नॉर्वेचे सिग्वाल्ड रेफसम यांनी १९४०च्या दशकात तो वर्णन केला. यात फायटॅनिक आम्ल नावाचं एक चरबीयुक्त आम्ल शरीराला मोडता येत नाही. ते रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या दुधाच्या व मांसाच्या चरबीतून आणि काही माशांतून येतं आणि साठत जातं. रातांधळेपणा, वास न येणं, बहिरेपण, तोल जाणं, त्वचेवर खवले. आहारातून ते कमी केलं तर आजार थोपवता येतो. मात्र या रुग्णांनी कडक उपास किंवा झटपट वजन घटवणं टाळायचं, कारण अंगातली चरबी वितळली की साठलेलं आम्ल एकदम रक्तात उतरतं. म्हणून मी पडद्याच्या रुग्णाला ‘वास येतो का?’ असं विचारते, आणि तो चक्रावून माझ्याकडे बघतो. अ आणि ई जीवनसत्त्वं न शोषली जाणारा अबीटालायपोप्रोटीनेमिया, ऑर्निथिन साचून होणारी गायरेट अ‍ॅट्रॉफी, आणि पडद्यावर हुबेहूब आनुवंशिक झिजेसारखे डाग पाडणारा सिफिलिस, हेही याच यादीतले. सिफिलिसची रक्ततपासणी सांगितली की लोक दुखावतात. कृपा करून दुखावू नका. पेनिसिलिनने बरा होणारा आजार आम्हाला निसटू द्यायचा नाही, एवढाच तिचा हेतू असतो.

कानाचा आणि पडद्याचा संबंध काही नवा नाही. डोळ्याच्या आत पाहायचं यंत्र हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली पुढे आणलं, आणि १८६१ सालीच बर्लिनमध्ये लीबराइख यांनी बहिऱ्या लोकांत पडद्याची झीज दाखवून दिली. आज त्याला आपण अशर सिंड्रोम म्हणतो. जन्मतः बहिरेपण आणि पुढे किशोरवयात रातांधळेपणा, असा त्याचा नेहमीचा क्रम. लहान मुलांत सहावं बोट, लठ्ठपणा आणि मूत्रपिंडाचा त्रास सोबत असेल तर बार्डे-बीडल. विशीच्या आत पापण्या गळणं आणि डोळे न हलणं सोबत असेल तर कर्न्स-सेयर, ज्यात हृदयाचे ठोके अचानक बंद पडू शकतात, तिथे ईसीजी त्याच दिवशी हवा. हे आईला लागू नाही, पण हृदय का तपासतात याचं उत्तर त्यात आहे.

एक कारण मात्र वेगाने हलायला लावणारं आहे. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दोन्ही डोळ्यांची नजर उतरली, डोळ्यासमोर सतत चमकारे दिसू लागले, आणि पडदा मात्र बघायला जवळपास ठीक, तर शरीरात कुठेतरी कर्करोग असून त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं पडद्यावर हल्ला करत असण्याची शक्यता असते. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात हे विशेष दिसतं, आणि कित्येकदा गाठ सापडण्याच्या आधी नजर जाते. आईची तक्रार दोन वर्षांत सावकाश वाढलेली असल्याने मी याला मागे ठेवते. तसंच एका डोळ्याची नजर क्षणात गेली, मग ती पाच मिनिटांत परत आली तरी, तो पडद्याचा पक्षाघात समजून ताबडतोब रुग्णालय गाठायचं. रक्तदाबाच्या आणि रक्तात गुठळ्या होण्याच्या या गोष्टी झिजेत मोडत नाहीत, म्हणून इथे थांबते.

गेलेली नजर परत येईल का? मेलेल्या प्रकाशपेशी परत उगवत नाहीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची इजा औषध बंद केल्यावरही काही काळ पुढे सरकू शकते, कारण ते शरीरातून निघायला महिने लागतात. म्हणूनच घाई. लवकर पकडलं तर मधला बिंदू वाचतो, आणि वाचन, चेहरे ओळखणं हे सगळं त्या मधल्या बिंदूवर चालतं. मायटोकॉन्ड्रियाचा आजार निघाला तर त्याची गती बहुधा संथ असते आणि पूर्ण अंधत्व क्वचितच येतं. सूज किंवा नव्या वाहिन्या निघाल्या तर इंजेक्शन आणि लेझर आहेत.

मला होईल का? औषधाची इजा वारशाने येत नाही. मायटोकॉन्ड्रियाचा बदल मात्र आईकडून सगळ्या मुलांकडे जातो, मुलगा असो वा मुलगी, आणि पुढे फक्त मुलींमार्फत. पण प्रत्येकाच्या वाट्याला बदललेल्या भट्ट्या किती आल्या यावर त्रास ठरतो. त्यामुळे एका भावंडाला चाळिशीत मधुमेह आणि दुसऱ्याला म्हातारपणापर्यंत काहीच नाही, असंही दिसतं. तुम्ही आत्ताच स्वतःची तपासणी करायला धावू नका. आधी आईचा निकाल येऊ द्या आणि चाचणीपूर्वी जनुकीय समुपदेशकांशी बोला.

या आठवड्यात एवढं करा. आईचं वजन आणि गोळीचा डोस लिहून संधिवाततज्ज्ञांना फोन करा, डोस कमी करायचा की औषध बदलायचं ते त्यांना नेत्रतज्ज्ञांशी बोलून ठरवू द्या. क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे) जुने-नवे सगळे अहवाल, ११ वर्षांतली औषधांची चिठ्ठी न चिठ्ठी आणि श्रवणाचा आलेख एकाच फाइलमध्ये लावा, कारण आजवर हे कागद तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे वेगवेगळे पडून आहेत. आईने कधी स्तनांच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेतलं असेल तर तेही लिहा, त्याने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा धोका वाढतो. आणि मामा-मावशींना फोन करून विचारा: आजीला कितव्या वर्षापासून कमी ऐकू येऊ लागलं, आणि तिला साखर होती का.